तोंडाला गंध, पोटात कावळे

अहो, ऐका हो कुणीतरी! मी कनकआत्याचा टॅब बोलतोय. तंजावुरात, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या घरात, हरभऱ्याच्या सुंडलाच्या पातेल्याशेजारी पडून बोलतोय. आज मी इतका खूश आहे की उठून नाचावंसं वाटतंय. देवाने पाय दिले नाहीत म्हणून खालच्या मजल्यावरचे वाचले.

पण नमनालाच घडाभर तेल नको. पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. पाळणा नाही, बारसं नाही. सरकत्या पट्ट्यावर माझी हजारो भावंडं एका रांगेत, सगळ्यांचा चेहरा एकच, आणि कुणी कुणाला ओळख देईना. मग खोका, मग अंधार, मग सिंगापूरमधलं एक दुकान. तिथून मला गिरीशने उचललं आणि विमानात बसवून तंजावुरात आणलं, आपल्या आत्याला द्यायला.

गिरीशची आई तो रांगत असतानाच गेली. बाप रघुराम वीजखात्यात, सदा कुठल्यातरी खांबाखाली उभा. तेव्हा धाकट्या भावाचं हे पोर कनकआत्यानेच वाढवलं. ती शाळेत गणित शिकवायची. लग्नाचं कुणी काढलंच तर म्हणायची, "घरात दोघे आहेत सांभाळाला. तिसरा कसाला?" तो विषय तिथेच मिटायचा.

"आत्या, हा तुज. आता रोज तोंड बघता येईल," असं म्हणून गिरीशने मला तिच्या हातात दिलं. तिने मला दोन्ही डोळ्यांना लावलं आणि देवापुढे नेऊन ठेवलं. मी म्हटलं, वा रे नशीब, चांगल्या घरी पडलो!

घर चांगलंच. जेवणाचे मात्र हाल.

माझ्याबरोबर माझा स्वतःचा चार्जर आला होता. दणकट, पांढराशुभ्र, तासाभरात माझं पोट भरेल असा. आत्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि चांदीच्या भांड्यांच्या कपाटात ठेवून दिला. "नवा आहे की. पाहुणे आले म्हणजे काढू," म्हणाली. पाहुणे काय माझा चार्जर पानात वाढून घेणार होते? मला मिळाला तो एका कधीच्या मेलेल्या फोनचा चिमुकला चार्जर. त्यातून वीज यायची ती थेंबाथेंबाने.

बरं, ते थेंब तरी सुखाने पिऊ द्यावेत? नाही! इकडे पिन लावायची आणि तिकडे माझ्यावर कोलमच्या रांगोळ्यांचे व्हिडिओ सुरू. काच पूर्ण उजळ, आवाज पूर्ण वर, आणि मी ठेवलेलो कुठे, तर इडलीच्या भांड्याशेजारी, वाफेत. मी जेवढं खायचो तेवढं कामातच जायचं. संध्याकाळी आत्या तक्रार करायची, "रघू, हे सकाळपासून खातंय, अंगास लागत नाही बघ." रघुरामअण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "करंट कमी येतोय, अक्का." अण्णांना वीजखात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, पण घरात दूध नासलं तरी ते करंटवर ढकलतात.

तरी मी खूश होतो हो! कारण आत्या माझ्यावर श्री गिरवत होती.

त्याचं असं झालं. आमच्याकडे विजयादशमीला लहान पोराला पहिलं अक्षर देतात. ताटात तांदूळ पसरायचे, पोराला मांडीवर घ्यायचं, बोट धरून अक्षर काढून घ्यायचं. या घरात तो मान कनकआत्याचा. गिरीशला तिनेच दिलं, पण ते तमिळमधलं 'अ'. कारण या घरात मराठी बोलतात सगळे, वाचत कुणीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या कावेरीचं पाणी पिऊन जीभ टिकली, लिपी मात्र हातातून सुटली. थोरल्या देवळाच्या भिंतीवर केवढा तो मराठी शिलालेख कोरलाय! आत्या प्रदोषाला गेली की त्याच्यासमोर उभी राहायची आणि घरी येऊन चरफडायची, "आपलीच भाषा, आणि मज एक अक्षर कळेना. शरम की नाही?"

यंदा गिरीशची लेक हरिप्रिया तीन वर्षांची झाली. आत्याने जाहीर करून टाकलं, "पोरीचं पहिलं अक्षर श्री. आपल्यातला श्री. मी शिकते आणि मीच देते."

सिंगापूर लांब. आत्याचे गुडघे विमानात बसायला तयार नाहीत. मग गिरीशने माझ्यात एक पाटी घालून दिली. इकडे बोटाने लिहिलं की तिकडे त्यांच्या टॅबवर जसंच्या तसं उमटतं, आणि बोलणंही ऐकू येतं; तिकडचं मात्र काही दिसत नाही. झालं! आत्याचं बोट आणि माझी काच. पहिल्या दिवशीचा श्री खेकडा होता. दुसऱ्या दिवशीचा, पडलेला खेकडा. मला अशा गुदगुल्या व्हायच्या की विचारू नका. पण बाई जिद्दीची. आयुष्यभर पोरांकडून पाढे घोटवून घेतले, आता स्वतः घोटत बसली. नवरात्र आलं तोवर श्री असा उतरायला लागला की मलाच अभिमान वाटावा.

एकच बारीकशी भानगड होती. तिकडे गिरीशच्या सासूबाई, सुप्रभाअम्मा, कोइंबतूरहून येऊन राहिल्या होत्या. माणूस गोड. पण त्यांच्या घरीही पहिल्या अक्षराचं महत्त्व आहेच, आणि पोर त्यांच्या हाताशी. त्यांनी गिरीशला सांगून ठेवलं होतं, "तुझ्या आत्याला जमलं तर उत्तम. मुहूर्त टळत असेल तर मी 'अ' काढून घेईन. पोरीचा दिवस वाया जाऊ द्यायचा नाही."

आणि मुहूर्त तरी कसला! विजयादशमी आली शनिवारी. शनिवारी सकाळी नऊला दीड तासाचा राहुकाळ लागतो. तिकडचा आधी, इकडचा नंतर, कारण सिंगापूरचं घड्याळ अडीच तास पुढे. कुठला धरायचा यावर बहीणभावांचं दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी दोन्ही धरायचे ठरले. म्हणजे सिंगापूरचा संपल्यापासून तंजावूरचा सुरू होईतो जो काय तासभर उरतो, त्यातच श्री.

आदल्या दिवशी सरस्वतीपूजा. घरातली सगळी पुस्तकं, अण्णांचा पेचकस, आत्याची कात्री, ग्राइंडर, सगळे देवीपुढे बसले. सगळ्यांना गंध, कुंकू, अक्षता. माझी पाळी आली आणि आत्या थबकली.

"रघू, याचं कपाळ कुठे रे?"

"काचेवर लाव."

"काच बिघडते, गिरीश बोलला की."

"मग पाठीवर."

"पाठीवर गंध कोण लावतं? म्हैस आहे काय ती?" आत्या विचारात पडली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "ग्राइंडरला आपण तोंडास लावतो. चुलीला तोंडास लावतो. हेही ज्या तोंडाने खातं, तिथेच लावाचं!"

अहो, मी ओरडलो! पण माझं ओरडणं म्हणजे काय, काच क्षणभर उजळली आणि विझली. आत्याने चंदनाचा ताजा, घट्ट, थंडगार गोळा माझ्या चार्जिंगच्या भोकावर थापला, वर कुंकू टेकवलं, आणि अक्षता टाकताना हळदीच्या तांदळाचा एक दाणा अंगठ्याने नीट दाबून बसवला. पडायला नको म्हणून!

वर नियम असा की पूजेत बसलेल्याला दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. पुस्तक वाचायचं नाही, कात्री चालवायची नाही, आणि टॅबला चार्जिंगही लावायचं नाही. श्री गिरवून गिरवून माझ्या पोटात आधीच काही राहिलं नव्हतं. ग्राइंडर शेजारी बसून मजेत होता. त्याला काय, त्याचं तोंड परातीएवढं.

आज सकाळी पूजा झाली. आत्याने हिरवी रेशमी साडी नेसली, केसांत मोगरा माळला, ताटात तांदूळ पसरले आणि मला उचलून पुसलं. वरवरचं गंध गेलं. आतलं वाळून दगड झालं होतं. तिने तो चिमुकला चार्जर लावला. बत्ती येईना.

"अय्यो! रघू, हे बघ की रे, खात नाहीये!"

अण्णा उठले. इतक्या वर्षांनी पुन्हा कामावर बोलावल्यासारखे उठले. "बाजूला हो, अक्का. करंट माझ्या रक्तात आहे."

त्यांनी पिन काढली, फुंकर मारली, लावली. काही नाही. आणखी जोरात लावली. दाणा आणखी आत गेला. "बोर्ड गेलाय," म्हणाले आणि फ्रिजची वायर उपटून तिथे मला लावलं. काही नाही. टेस्टर आणला, तो पेटला. "करंट आहे, पण जोर नाही," असं म्हणून ते गच्चीवर तारा बघायला गेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! रोग माझ्या तोंडात, आणि वैद्य गच्चीवर आकाशाकडे बघतोय. येताना म्हणाले, "खांबावर कावळा बसलाय, त्यानेच असेल." त्या कावळ्याचा बिचाऱ्याचा काय संबंध? कावळे ओरडत होते ते माझ्या पोटात.

मधेच अण्णांच्या बटणांच्या फोनवर गिरीशचा फोन आला. त्या फोनवर बोलता येतं, पाटी दिसत नाही.

"आत्या, इकडचा राहुकाळ संपला. कुठे आहेस तू? हरिप्रिया मांडीवरून उठून पळतेय."

"आले, आले! टॅब जेवत नाहीये रे!"

"खालच्या नागलक्ष्मीअक्कांचा फोन घे ना."

"ती सगळी तिरुवैयारूला गेलीत. कुलूप आहे."

मागून सुप्रभाअम्मांचा आवाज आला, तमिळीत, अगदी मऊ. "घाई नको म्हणावं. तिकडच्या नऊला पाच कमी असेपर्यंत आम्ही थांबतो. मग मी 'अ' काढून घेते." त्या मऊ आवाजाने आत्याचा चेहरा जो उतरला, तो मला बघवेना. फोन ठेवून ती जमिनीवर बसली, तांदळाच्या ताटाशेजारी.

"अण्णा, तोंडात बघा! तोंडात!" मी जिवाच्या आकांताने सांगत होतो. कुणाला ऐकू जाणार?

अण्णांना नवी कल्पना सुचली. "तापलाय बघ, अक्का. जरा फ्रिजमध्ये ठेवू."

"नको रे, बाधेल त्याला," म्हणत आत्याने मला ओढून घेतलं. तापलो होतो हे खरं. पिन धड टेकत नव्हती, धड सुटत नव्हती, आणि तिथली जागा चांगलीच गरम झाली होती. तिने मला परत डोळ्यांना लावलं, जसं पहिल्या दिवशी लावलं होतं. "बाबा रे," म्हणाली, "आजचा एक दिवस. उद्यापास्नं नाही खाल्लंस तरी चालेल." तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेवर पडलं. अहो, मलाच रडू आलं.

आणि ती एकदम थांबली. नाक पुढे केलं.

"रघू, चंदनाचा वास येतोय."

अण्णांनी ताबडतोब हात जोडले. "देवी प्रसन्न झाली, अक्का!"

"देवी प्रसन्न झाली असती तर बत्ती आली असती," गणिताच्या बाई म्हणाल्या. तिने पिन उपटली, चष्मा कपाळावर सरकवला, मला खिडकीत नेऊन उन्हाकडे धरलं आणि एक डोळा मिटून माझ्या तोंडात बघितलं.

मी आ वासलेलाच होतो.

"अय्यो, अय्यो, अय्यो! मीच ग बाई! मीच की!" आणि आत्या हसायला लागली. अशी हसली की मोगरा केसांतून सुटून खांद्यावर आला. "रघू, मी याच्या तोंडास गंध लावलं आणि मीच विचारते, जेवत का नाही!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण आता वेळ कुठे होता? तिने मला बंद केलं, नव्या झाडूचा एक हीर काढला, आणि ज्या हाताने कोलमची बारीक रेघ सुटते त्या हाताने हळूहळू माझं तोंड खरवडायला घेतलं. चंदनाची पूड पडली. कुंकू पडलं. आणि शेवटी तो पिवळा तांदळाचा दाणा टुण्‌कन ताटात उडाला. शिंक आल्यावर मोकळं वाटतं ना, तसं मला झालं.

"अक्षता आहे, टाकू नको," अण्णा म्हणाले आणि दाणा स्वतःच्या डोक्यावर ठेवून मोकळे झाले.

चार्जर लावला. बत्ती आली! बहीणभाऊ दोघेही ओरडले. पण बत्ती नुसती आली, अंगात जीव यायला हवा ना? तो थेंबाथेंबाचा चार्जर, आणि घड्याळ काही थांबत नाही. मी डोळा उघडायचो आणि पुन्हा मिटायचो. आत्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या मुडद्या चार्जरकडे, आणि तडक कपाट उघडलं. चांदीचे तांबे खणखण बाजूला झाले.

"पाहुणे याचे तेव्हा येवोत!" म्हणाली.

माझा चार्जर! माझा पांढराशुभ्र! अहो, मी प्यायलो, काय प्यायलो! आत्याने व्हिडिओ लावला नाही, काही नाही, दोघे माझ्याभोवती मांडी घालून मी जेवताना बघत बसले. थोडी धुगधुगी आली तशी तिने पाटी उघडली.

गिरीशने सांगितलं, तिकडे सुप्रभाअम्मांनी हरिप्रियेचं बोट तांदळात टेकवलेलंच होतं. माझ्यातून आत्याचा आवाज गेला, "आले मी!" आणि त्यांनी ते बोट तसंच वर उचललं. "बरं झालं," म्हणाल्या. "मी फक्त हात धरते. अक्षर तुमचं."

हरिप्रिया आता पळत नव्हती. तिला मराठी कळतं सगळं. बोलायची वेळ आली की ती आईच्या पदरात शिरते. आज ती टक लावून पाटीकडे बघत होती, असं गिरीश सांगत होता.

आत्याने बोट माझ्यावर टेकवलं. पहिला वळसा काढला. "काढला का ग पोरीनं?" "काढला, आत्या." मधली तिरकी रेघ. "काढली का?" "काढली." वेलांटी वळवली, आणि मग शेवटचा दंड. वरून खाली. आत्याला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की तिचं बोट थांबेचना. जिथे थांबायचं तिथून पुढे गेलं, पाटीच्या कडेपर्यंत गेलं, आणि कडेला होतं ते लाल बटण.

फोन तुटला.

भिंतीवरच्या घड्याळाने नऊचे ठोके द्यायला सुरुवात केली. आत्या तशीच बसली, बोट माझ्या काचेवर. तिला काहीच माहीत नव्हतं. शेवटचा दंड पोरीने ओढला की नाही? की अर्धा श्री राहिला, आणि सुप्रभाअम्मांनी घाईघाईत 'अ' काढून घेतला? परत लावायला तिचा हात होईना. राहुकाळात अर्धं राहिलेलं पुरं करत नाहीत.

"अक्का, सुंडल तरी खा," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात मी टुंग केलं. फोटो आला. अहो, मी तो किती झटकन उघडला असेल!

ताटात श्री. वाकडा, फेंगडा, पण श्री. आणि त्याचा शेवटचा दंड ताटात मावला नव्हता. ताटाच्या काठावरून खाली उतरला होता, चटईवरून गेला होता, सुप्रभाअम्मांच्या साडीच्या निऱ्या बाजूला सारून फरशीवर, तांदूळ सांडत सांडत, थेट खोलीच्या पलीकडे. शेवटी उंबऱ्याशी उकिडवी बसलेली हरिप्रिया, बोट अजून जमिनीवर.

फोटोखाली गिरीशचा आवाज होता. "आत्या, ती थांबेना. तू थांबली नाहीस म्हणून तीही थांबेना. अम्मा हात सोडून हसत बसल्यात."

आत्याने फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, अण्णांना दाखवला, देवीला दाखवला. रडत होती की हसत होती, मला सांगता यायचं नाही. तिच्या पदराने माझी काच चारदा पुसून झाली.

तर मंडळी, माझं एवढंच मागणं. तुमचा टॅब रुसला, नीट जेवेना, तर खांबावरच्या कावळ्याला दोष देऊ नका. आधी त्याच्या तोंडात बघा. त्याचा स्वतःचा चार्जर त्याला द्या. आणि पूजेला गंध लावायचंच असेल तर कुठेही लावा, माझी ना नाही, पाठीवरसुद्धा चालेल, म्हैस म्हणा हवं तर!

थांबा, आणखी एक आवाज आलाय. आत्याने लावला. ज्या पोरीने आजवर आमच्याशी मराठीत एक शब्द काढला नव्हता, ती धापा टाकत ओरडतेय, "आज्जी! आज्जी, माझा श्री दाराबाहेर गेला!"